सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो? तापीकाठच्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातलं तापीकाठचं एक गाव. शिवारात केळी आणि कपाशी, रब्बीला थोडी दादर ज्वारी. ज्या ताईंविषयी हे लिहिते आहे त्या ३८ वर्षांच्या. घरची दोन एकर कोरडवाहू, बाकी सगळी भिस्त मजुरीवर. घरात नवरा, सत्तरीच्या सासूबाई, बारावीनंतर केळी कटाईच्या टोळीत जाऊ लागलेला मुलगा आणि नववीतली मुलगी. माझा दवाखाना तालुक्याच्या गावी आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि हे लिहायला ताईंची संमती आहे.

प्रकरण आमवाताचं, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचं आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. मांडायचं आहे ते वेगळंच: निदानाला सात महिने का लागले, आणि जो एक प्रश्न विचारला असता तर संशय दिवाळीतच आला असता तो कुणी का विचारला नाही. सकाळी अंग आखडतं, सांधे धरतात, ही तक्रार आमच्याकडे इतकी रोजची आहे की ऐकणाऱ्याच्या कानावरून निघून जाते. पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत खेड्यातल्या प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं होतं. आमवात मात्र साधारण २०० जणांमागे एकाला. म्हणजे बहुतेकांचं दुखणं खरोखरच कष्टाचं किंवा झिजेचं असतं, आणि त्या गर्दीत हा एक माणूस हरवतो. बहुतेक वेळा ती बाई असते, कारण आमवात पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटींनी जास्त होतो.

सुरुवात

दसरा झाला आणि वेचणीने जोर धरला. कपाशीचं बोंड उललं की त्याची वाळलेली टोकं सुईसारखी बोचतात. अंगठा आणि दोन बोटं आत घालायची, कापूस झटक्यात ओढायचा, कमरेच्या झोळीत टाकायचा आणि पुढच्या झाडाला हात घालायचा. मजुरी किलोवर, त्यामुळे हाताला उसंत नाही. अशा दिवसांत ताईंच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळाशी सुजलं. पंधरा दिवसांत डाव्या हाताची तीच दोन बोटं. मग दोन्ही मनगटं. सगळ्यांनी, स्वतः ताईंनीही, त्याचा एकच अर्थ लावला: "कापूस येचीसन हात गयात मना."

हा अर्थ चुकीचा ठरवणारी गोष्ट घरातच घडत होती. दिवाळीत चार-पाच दिवस वेचणी बंद होती. फराळाचं सासूबाई आणि मुलीने उरकलं. ताईंच्या हाताला विश्रांती मिळाली, पण हात हलके होण्याऐवजी जास्त धरले. कष्टाने दुखणारा हात विश्रांतीने उतरतो. विश्रांती मिळूनही हात सकाळी जास्त आखडत असेल, तर दोष कामाचा नाही. दिवाळीतल्या त्या आठवड्यात ही खूण अगदी स्पष्ट होती.

पहाटे पाचला ताई उठायच्या. कळण्याचं पीठ मळायला मनगटाचा जोर लागतो आणि भाकरी थापायला तळहात उघडावा लागतो. दोन्ही जमेना. चुलीवरच्या हंड्यातलं कोमट पाणी घमेल्यात काढून त्यात त्या दोन्ही हात बुडवून बसायच्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं बोटं नुसती जड. मग करंगळी आणि अनामिका वळायची. मधली दोन शेवटी. मुलीने पीठ मळून ठेवायचं, आठ वाजेपर्यंत ताईंचा हात थोडा उघडायचा, मग त्या थापायच्या. म्हणजे रोजचे अडीच-तीन तास. हा हिशोब मुलीला तोंडपाठ होता, कारण तिची शाळेची वेळ त्यावर अवलंबून होती. तिला मात्र कुणी विचारलं नाही.

मधल्या काळात गावात सुया झाल्या, वेदनाशामक गोळ्या झाल्या. एका दिवसापुरता आराम, पुन्हा तेच. माघात कुणीतरी आठवडी बाजारात मिळणारी "वाताची पुडी" आणून दिली. तिचा गुण तिसऱ्या दिवशी आला. मूठ वळली, भूक लागली, झोप लागली. घराने सुटकेचा श्वास टाकला आणि पुढचे दोन-अडीच महिने पुडी चालू राहिली.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी गेल्या आणि पुड्या सासरी राहिल्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही हात पुन्हा सुजले, शिवाय अंगातून त्राण गेलं, मळमळ, उठलं की भोवळ. सणाला बांगड्या भरायला कासारीण आली होती. बांगडी चढवताना कासारीण हाताची चारही बोटं मुळाशी एकत्र दाबून पंजा अरुंद करते. तिने हात दाबला आणि ताई किंचाळल्या. कासारणीने बांगड्या बाजूला ठेवल्या आणि ताईंच्या आईला म्हणाली की हिच्या हाताची गाठ न् गाठ गरम लागते आहे, हिला दवाखान्यात दाखवा.

आम्ही डॉक्टर आमवाताची पहिली चाचपणी नेमकी अशीच करतो. बोटांच्या मुळाचे सांधे आडवे धरून हलकेच दाबायचे. सुजेचा सांधा असेल तर रुग्ण हात ओढून घेतो. सात महिन्यांत ताईंचे हात असे पहिल्यांदा दाबले गेले ते त्या ओट्यावर.

एका घरातल्या तीन सकाळी

अखाजीनंतरच्या आठवड्यात ताई आल्या. आलोच आहोत तर म्हणून सासूबाई आणि मुलगाही सोबत होते. तिघांनीही जवळजवळ एकच वाक्य सांगितलं: सकाळी उठल्यावर अंग आखडलेलं असतं. तिघांची कारणं मात्र तीन निघाली. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते यामुळेच.

सासूबाईंना विचारलं, "मावशी, बाजेवरून उठल्यावर गुडघे मोकळे व्हायला किती वेळ लागतो?" त्या म्हणाल्या, चूल पेटेपर्यंत. म्हणजे दहा-बारा मिनिटं. दुपारी कीर्तनाला बसून उठल्या की पुन्हा तसंच, पाच मिनिटं. संध्याकाळी चालून आल्यावर दुखणं जास्त. ही झिजेच्या सांध्याची सकाळ. सांध्यात जे वंगण असतं त्यात हायलुरोनिक आम्लाच्या लांब साखळ्या असतात. सांधा हलला नाही की ते घट्ट होतं, हलला की पातळ, जसं विरजलेलं दही रवी फिरली की सैल होतं. झिजलेल्या सांध्यात हे वंगणही पूर्वीच्या गुणाचं राहत नाही, म्हणून सुरुवातीची काही पावलं जड जातात. पण अर्ध्या तासाच्या आत सुटका होते. आणि हे दुखणं कामाने वाढतं, बसल्याने उतरतं.

मुलगा १९ वर्षांचा. कटाईच्या टोळीत जाऊन जेमतेम आठवडा झालेला. केळीचा घड वीस-पंचवीस किलोचा, तो खांद्यावर घेऊन बांधावरून ट्रकपर्यंत न्यायचा आणि अलगद उतरवायचा, कारण आपटला की केळी काळी पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या आणि खांदे दगड झालेले. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचलं आहे, सोडा-लिंबू पी. ते आम्ल कष्ट थांबल्यावर तास-दोन तासांत निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीपर्यंत टिकणारी ही ठणक म्हणजे सवय नसलेल्या स्नायूच्या तंतूंना झालेली बारीक इजा आणि तिच्याभोवती आलेली सूज. भार सावरत खाली उतरवताना स्नायू ताणलेला असूनही जोर लावत असतो, तेव्हा ही इजा जास्त होते. २४ ते ७२ तासांत ती शिगेला पोचते आणि आपोआप उतरते. पुढच्या खेपेला त्याच कामाने तेवढं दुखत नाही. त्याला गोळी दिली नाही. पाणी भरपूर पी, चालता-फिरता राहा, पहिल्या आठवड्यात खेपा थोड्या कमी कर, एवढंच सांगितलं. मात्र लघवी गडद लालसर-तपकिरी झाली तर तडक यायला सांगितलं, कारण उन्हात अति कष्ट झाले तर स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांला टेकतो, त्यामुळे हे सांगणं गरजेचं होतं.

ताईंची सकाळ अडीच तासांची. झिज नाही, कष्टही नाही. सांध्याच्या आतल्या अस्तरालाच सूज. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा त्या अस्तरावर चालून गेलेली. ही सूज नेमकी पहाटेच का छळते, याचं उत्तर शरीराच्या घड्याळात आहे. कॉर्टिसोल हे आपलं घरचं सूजविरोधी संप्रेरक. ते मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं आणि पहाटे चढत जाऊन उठायच्या सुमाराला सर्वांत जास्त होतं. इकडे सूज वाढवणारी इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्यं रात्री उशिरा वाढू लागतात आणि पहाटे कळसाला पोचतात. निरोगी माणसात दोघांचा मेळ बसतो. आमवातात सुजेचा जोर एवढा असतो की सकाळचं कॉर्टिसोल त्याला पुरं पडत नाही. त्यात रात्रभर हात हलत नाही, म्हणून सुजेचं पाणी सांध्यात आणि भोवतीच्या पेशीजालात साठून राहतं. ते हालचालीने हळूहळू ओसरायला तास-दोन तास जातात. ताई म्हणायच्या, "सकायले मूठ वळत नही, दुपारलोंग उलगस." म्हणजे सकाळी मूठ वळत नाही, दुपारपर्यंत उलगडते. त्यांनी आपल्या भाषेत रोगाचं घड्याळच सांगितलं होतं.

तपासणी

दोन्ही हातांची तर्जनी आणि मधलं बोट मुळाशी सुजलेली, मधल्या पेरांचे तीन सांधे सुजलेले, दोन्ही मनगटं. एकूण नऊ लहान सांधे. बोटांच्या टोकाकडचे सांधे मात्र स्वच्छ. झिजेचा वात बऱ्याचदा तिथे गाठी करतो, आमवात ते सांधे सहसा सोडतो. अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांत ईएसआर ५८, सीआरपी वाढलेलं. हिमोग्लोबिन ९.८. आमवातात रक्तात सापडणारी प्रतिद्रव्यंही होती: आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, अँटी-सीसीपी खूप जास्त. एक्स-रेत हाडाला खड्डे पडलेले नव्हते. २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत दहापैकी सहा गुण झाले की आमवात धरतात. ताईंचे आठ झाले.

पावसाळ्याच्या अखेरीस ताप आला होता का, हेही खोदून विचारलं. चिकनगुनियानंतरचा सांधेवात हुबेहूब असा दिसू शकतो आणि महाराष्ट्राने २००६ मध्ये त्याची मोठी साथ पाहिली आहे. ताप आला नव्हता. शिवाय इतकं चढं अँटी-सीसीपी त्या आजारात सहसा सापडत नाही. थायरॉईड तपासलं, ते ठीक.

आणि पुडी. ताईंचा चेहरा गोल झाला होता, दंडावर सहज काळेनिळे डाग पडत होते, रक्तदाब १५०/९४, उपाशीपोटी साखर १३२. पुडीत स्टेरॉईड, म्हणजे कॉर्टिसोलसारखं औषध, असणार असं मी धरून चालले. तिसऱ्या दिवशी येणारा चमत्कार हीसुद्धा त्याचीच खूण. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्या संशोधनाला नोबेल मिळालं. पुढे त्याच औषधाचे दुष्परिणाम दिसले आणि डॉक्टर सावध झाले. पुडी विकणारा काहीच सांगत नाही, ना नाव, ना मात्रा. मला या पुड्यांचा मनस्वी राग आहे. त्या घेणाऱ्यांचा नाही. ज्या बाईला चार महिन्यांनी मूठ वळता आली, ती आणखी काय करेल?

समोरचे पर्याय

पहिला निर्णय पुडीचाच होता. घरच्यांना वाटलं, डॉक्टर ती फेकून द्यायला सांगतील. पण अडीच महिने बाहेरून स्टेरॉईड मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं. पुडी एका दिवसात तोडली तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. माहेरची मळमळ आणि भोवळ हा त्याचाच इशारा होता. म्हणून पुडीच्या जागी मोजून देता येईल असं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड, रोज सकाळी नाश्त्यानंतर १० मिलिग्रॅम, आणि मग ते अनेक आठवड्यांत उतरवत न्यायचं. अज्ञात मात्रेच्या जागी ज्ञात मात्रा.

दुसरा निर्णय मूळ औषधाचा. नुसत्या वेदनाशामकांवर ठेवणं हा पर्याय घरच्यांना सर्वांत सोयीचा होता, पण मी तो लगेच बाजूला सारला. त्या गोळ्यांनी ठणका कमी होतो, सांध्याचं नुकसान थांबत नाही, आणि रक्तदाब आधीच चढलेला. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन एकटं देणं सौम्य रोगात चालतं, पण नऊ सांधे आणि एवढं अँटी-सीसीपी याला सौम्य म्हणता येत नाही. उरलं मेथोट्रेक्सेट. १९८० च्या दशकापासून आमवाताचं हे पहिल्या पसंतीचं औषध आहे आणि ते महाग नाही. अडचण त्याच्या देखरेखीची. यकृत आणि रक्तपेशी वरचेवर तपासाव्या लागतात, आणि गर्भावस्थेत ते अजिबात चालत नाही. ताईंचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

तिसरा निर्णय: इथे सुरू करायचं की सांधेवाताच्या तज्ज्ञाकडे पाठवायचं? तज्ज्ञ नाशिकला. जाणं-येणं म्हणजे दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं. नवऱ्याने सरळ विचारलं, "मॅडम, जायनंच पडी का?" पण पावसाळ्यापर्यंत थांबणं मला परवडणारं वाटेना. आमवातात पहिले तीन ते सहा महिने सोन्याचे असतात, त्या काळात औषध पोचलं तर सांधा वाकडा होण्यापासून वाचायची शक्यता मोठी, आणि ताईंचे सात महिने उलटले होते. शेवटी मधला रस्ता काढला. तज्ज्ञांशी फोनवर बोलून, रिपोर्ट पाठवून औषध इथेच सुरू करायचं आणि त्यांनी एकदा प्रत्यक्ष बघायचं ते पेरणी उरकल्यावर. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी आणि सी, यकृत आणि मूत्रपिंड, सगळं बघून घेतलं. नेहमीच्या रक्त तपासण्या सरकारी ग्रामीण रुग्णालयात करायच्या ठरल्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, तो आधार इथे फार मोलाचा ठरला.

काय केलं

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घसरतात, जीवावर बेततं. वार लक्षात राहावा म्हणून ताईंना गावच्या बाजाराचा दिवस दिला. बाजार करून आल्यावर रात्री जेवणानंतर चार गोळ्या, म्हणजे १० मिलिग्रॅम. दुसऱ्या दिवशी फॉलिक आम्लाची एक. चिठ्ठीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: फक्त बाजाराच्या दिवशी.

तरी प्रसंग आलाच. दुसऱ्या महिन्यात औषधं संपली, नवरा एका औषध दुकानातून घेऊन आला आणि तिथे त्याला तोंडी सांगितलं गेलं की पिवळी गोळी रोज एक. मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक आम्ल, दोन्ही गोळ्या पिवळ्याच होत्या. ताई पाण्याचा तांब्या घेऊन बसल्या होत्या. मुलीने पाकिटावरचं नाव चिठ्ठीशी ताडून पाहिलं आणि म्हणाली, आज बाजार नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून परस्पर दवाखान्यात आली, दोन्ही पाकिटं दप्तरात घेऊन. त्या दिवसापासून मेथोट्रेक्सेट लाल झाकणाच्या डबीत, चार-चारच्या पुड्या बांधून, प्रत्येक पुडीवर तारीख. मी आता प्रत्येक रुग्णाला असंच देते.

हाताचं काम वेगळं. घरात दोन टोकाची मतं होती. सासूबाई म्हणत, अजिबात हलवू नको. शेजारीण म्हणे, तेल लावून रगडून काढ. सुजलेला सांधा रगडायचा नसतो आणि बांधूनही ठेवायचा नसतो. रात्री मनगटाला आधाराची पट्टी. पहाटे अंथरुणातच बोटं सावकाश उघड-मीट, जेवढी होतील तेवढीच. मग कोमट पाणी. सकाळच्या कामांचा क्रम उलटा केला: आधी झाडलोट, जनावरांचं बघणं, चहा, आणि भाकरी साडेआठनंतर. विळ्याच्या मुठीला आणि कालथ्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून मूठ जाड केली, म्हणजे बोटं कमी वळावी लागतात. पिण्याच्या पाण्याची कळशी बोटांच्या आकड्याने न उचलता दोन्ही तळहातांवर. पीठ मळण्याचं काम मुलाने घेतलं, कारण बहिणीची शाळा सकाळची होती. कटाईला जाणाऱ्या पोराने सकाळी परातीत पीठ मळावं याला सासूबाईंनी आठवडाभर नाकं मुरडली, मग त्याच त्याला पाणी किती घालायचं ते सांगू लागल्या.

सासूबाईंना उठण्याआधी बाजेवर पाय दहा वेळा सरळ-वाकडे करायला आणि मांडीचा स्नायू आवळून धरायला शिकवलं.

निष्पत्ती

मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिला महिना कठीण गेला. प्रेडनिसोलोन ७.५ वर आणलं तेव्हा सूज थोडी उसळली आणि ताईंनी उघड म्हटलं की पुडी बरी होती. त्या दिवशी मी त्यांना पहिल्या दिवसाचा आणि त्या दिवसाचा साखरेचा आकडा शेजारी शेजारी लिहून दाखवला आणि कानबाईच्या सणापर्यंत थांबायची विनंती केली. श्रावणात कानबाईचे रोट झाले तोवर सकाळचा आखडलेपणा पाऊण तासावर आला होता. पेरणीनंतर नाशिकला दाखवून झालं, मात्रा १५ मिलिग्रॅमपर्यंत वाढली. दिवाळीत वीस मिनिटं. ईएसआर २४. साखर १०२, रक्तदाब गोळीशिवाय ठीक. प्रेडनिसोलोन कार्तिकात पूर्ण बंद झालं. यकृताच्या तपासणीत एकदा आकडा थोडा चढला होता, मात्रा न बदलता तो उतरला.

सगळंच परत आलं नाही. उजव्या हाताचं मधलं बोट पूर्ण मिटत नाही. वेचणीला त्या जातात, पण दव उतरल्यावर, आणि दुपारपर्यंतच. किलोवरच्या मजुरीत याचा अर्थ घरात येणारा पैसा जवळजवळ अर्धा. मुलाची टोळीची कमाई आहे म्हणून निभावतं. आजार आटोक्यात आहे असं मी रिपोर्टवर लिहिते तेव्हा हा हिशोब त्या कागदावर दिसत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी दिवाळीची होती. तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते, तरी दोन्ही हातांचे तेच सांधे सुजलेले होते आणि विश्रांतीने दुखणं वाढलं होतं. त्या आठवड्यात कुणीतरी एवढंच विचारायला हवं होतं: सकाळी हात मोकळा व्हायला किती वेळ लागतो? अर्ध्या तासाच्या आत आणि कामाने वाढणारं असेल तर घाई नाही. तासाच्या वर असेल, सूज हाताला लागत असेल, आणि हे सहा आठवडे टिकलं असेल तर रक्त तपासायलाच हवं. हे विचारायला डॉक्टर लागत नाही. आमच्या भागातल्या काही आशाताईंना मी हा प्रश्न आणि बोटांच्या मुळाशी हात दाबून बघणं शिकवलं आहे. तरुण मुलांच्या कंबरेलाही तोच प्रश्न विचारायला सांगितलं आहे. पंचवीस वर्षांचा पोरगा पहाटे तीन-चारला कंबरदुखीने उठून बसत असेल आणि चालल्यावर त्याला बरं वाटत असेल, तर तेही कष्टाचं दुखणं नव्हे, मणक्याचा सुजेचा वात असू शकतो.

सुई देणाऱ्यांनी तिसऱ्यांदा सुई देताना थांबायला हवं होतं. एकच दुखणं तीनदा परत येतं तेव्हा रुग्णाला कागदावर नाव हवं असतं, आणखी एक सुई नको.

मुलीला पहिल्या भेटीतच सोबत बोलवायला हवं, हे आता माझ्या दवाखान्याच्या पद्धतीत आलं आहे. रुग्णासोबत कोण आलंय यापेक्षा सकाळी रुग्णाच्या शेजारी कोण असतं, ते माणूस मी शोधते. वेळ त्यालाच माहीत असते.

मजुरीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही. वेचणीऐवजी वजनकाट्याचं किंवा नोंदीचं काम मिळवून द्यायचा प्रयत्न गावातल्या एका शेतकऱ्याकडे झाला, पण तिथे वर्षातून मोजकेच दिवस काम असतं. ताईंच्या मनात आता शिवणयंत्राचं आहे. मनगटाला ते कितपत सोसेल, हे आम्ही नाशिकच्या पुढच्या भेटीत विचारणार आहोत. त्याच भेटीत त्यांचा दुसराही प्रश्न आहे: हात इतका बरा आहे तर गोळी बंद करू का? आमवातात गोळी एकाएकी सोडली तर बहुतेकांची सूज परतते, म्हणून मी सध्या नाही म्हटलं आहे. वर्षभर सूज शांत राहिली तर मात्रा हळूहळू उतरवून बघता येईल. तोवर रक्त दर तीन महिन्यांनी, आणि गोळ्या बाजाराच्या दिवशी.